कसणाऱ्याचे नाव

ज्योत्स्ना मॅडम पहिल्यांदा आमच्या वावरात आली तवा उन्हाळ्यातला नवतपा चालू होता, अन् आमी वखर पळसाच्या झुडपात लपवून शेळ्या चारणाऱ्यासारखे बसलो होतो. गाडीचा आवाज आला की आमचं हे ठरलेलं. आमचा बुढा बैलांच्या मानेवरचं जू काढणार, मी वखर ओढत नेऊन वरून झाडाच्या डगळ्या टाकणार, अन् मंग दोघंही सावलीत बसून भलतीकडेच पाहणार. इतक्या वर्षांत हात असा बसला होता की गाडी नाल्याच्या अल्याड येईस्तोवर वावराचं रान होऊन जाय. बुढा म्हणजे माहा नवरा, नत्थू. मी कांता. मी त्याले बुढा म्हणते तं लोक हासते, कारण मीबी काई आता पोरगी राह्यली नाई. आमच्या पौर्णिमाचं लग्न होऊनच चार वर्षं झाली.

वावर म्हणजे तीन एकर. हिंगणीच्या रस्त्यानं, धरणाच्या अलीकडच्या टेकाडाले लागून. सरकारच्या कागदात ते झुडपी जंगल, नांगर-वखर चालवाले मनाई. माह्या सासऱ्यानं त्यातले दगड वेचून वावराभोवती बांधासारखा धुरा घातला, मंग बुढ्यानं वेचले, मंग मी. आता तो धुरा माह्या छातीइतका उंच हाय, अन् त्यातला एकही दगड आपोआप चालत गेला नाई. तिथं तूर होते, तीळ होते, पाऊस बरा असला तं जवारी होते. आमच्या नावानं दुसरीकडे वीतभर जागा नाई. हे तीन एकर गेले तं आमी दुसऱ्याच्या धुऱ्यावर उभे राहून, कामाले बोलावते का म्हणून पाहणारे लोक.

लपवाची सवय कशी लागली ते सांगते. आठ वर्षं झाली. जंगलाच्या गार्डनं बुढ्याले वखर हाकताना धरलं. वखराची लोखंडी पास काढून गाडीत टाकली, बैल तिथंच सोडले, अन् म्हणे, जू उचल. ते जू आपल्या खांद्यावर घेऊन बुढा गाडीच्या मागं नाक्यापर्यंत पायी गेला. गाडी हळू चालवत होते, तो मागं राहू नये म्हणून. बस थांब्यापाशी अर्धं गाव उभं राहून पाहत होतं. मी मागून चालली होती, तेवढी पास तं द्या साहेब, म्हणत. पास आमाले काई भेटली नाई. कागद नाई, पावती नाई, दंड नाई, नुसतं नाक्यावर दिवसभर उकिडवं बसवलं.

संध्याकाळी वासुदेवराव गेले, गार्डसंग चहा पिले, अन् बुढ्याले घेऊन आले. वासुदेवराव आमचे वावरशेजारी. सोळा एकर त्यांचे स्वतःचे, अन् त्याले लागून चार एकर झुडपीतले. ते चार एकर ते दिवसाढवळ्या ट्रॅक्टरनं वाहतात, अन् गार्ड त्यांच्याच विहिरीवर पाणी पिते.

"नत्थू," ते त्या दिवशी म्हणे, "याच्यानंतर कोणी विचारलं तं माहं नाव सांगत जा. वासुदेवरावाचं हाय म्हण. माह्या नावापुढं कोणी येत नाई."

बुढ्यानं त्यांचे पाय धरले. तवापासून दरसाल आमचा पहिल्या दोन दिवसांचा वखर त्यांच्या संत्र्याच्या बागेत चाले, जिथं झाडाखाली ट्रॅक्टर फिरत नाई. त्यांनी मागितलं नव्हतं. आमीच देत होतो, अन् ते नाई म्हणत नव्हते.

तं मॅडम. गाडी थांबली अन् उतरली कोण, तं डोक्याले दुपट्टा गुंडाळलेली एक पोरगी, हातात लिहाची पाटी, पाठीवर बॅग. पुण्याच्या कोण्या संस्थेकडून आलती. गावची जमीन कोण कशी वापरते, गवत कुठं किती होते, ढोरं किती, सरपण कुठून आणता, हे सारं तिले वर्षभर पाहून लिहाचं होतं. याच्यावरून गावच्या जमिनीचा आराखडा होईल, म्हणे. आमी मान हलवली. योजना, मोहीम, आराखडा, ऐकून ऐकून मान आता आपोआपच हलते.

"हे वखरलेलं दिसतंय," ती म्हणे. "कोण कसतं हे?"

बुढा बैलांकडे पाहू लागला. मी म्हटलं, "वासुदेवरावाचं हाय."

"आणि तुम्ही?"

"आमी शेळ्या चारून राह्यलो."

त्या दिवशी आमच्याजवळ एकच शेळी होती, अन् तीही झोपली होती. मॅडमनं लिहून घेतलं, आमच्या माठातलं पाणी पिलं अन् गेली. बुढा हासला. किती दिवसांनी हासला होता. जू पुन्हा चढवताना म्हणे, "तू लय हुशार हाय वं."

मॅडम गावातच राह्यली, शाळेच्या जुन्या खोलीत. दिवाळी झाल्यावर तिले गवत ओळखणारं माणूस पाहिजे होतं, तं कोणीतरी माहं नाव सांगतलं. तिच्याजवळ एक लोखंडी चौकट होती, मीटरभर लांब अन् मीटरभर रुंद. ती रानात टाकाची, आतलं सारं गवत विळ्यानं कापाचं, जातवार वेगळं कराचं, अन् काट्यावर तोलाचं. मारवेल वेगळा, पवन्या वेगळा, कुसळ वेगळी. तिले सुरुवातीले सारं एकसारखंच दिसे. कोणतं ढोर काय आधी खाते, कोणतं गवत दुधाले चांगलं, कोणतं नुसतं छपरावर टाकाचं, मी सांगत जाय अन् ती लिहत जाय. माह्या तोंडातून निघालेलं कोणी लिहून घेते, हे मले जल्मात पहिल्यांदा दिसलं. संध्याकाळी तिच्या पँटीत घुसलेली कुसळं मी एकेक काढून देत होती, अन् ती चुलीपाशी बसून माह्या हातची भाकर खाये. गुणाची पोरगी. माया लागली होती, खोटं काऊन सांगू.

असंच फिरता फिरता एक दिवस आमच्या वावराच्या धुऱ्यावर आलो. तूर फुलावर होती. मॅडम उभीच राह्यली.

"काय सुंदर तूर आहे, काकू. मागच्या खेपेला तुम्ही वासुदेवरावांची म्हणाला होता. बरोबर ना?"

त्या तुरीले मी दोनदा निंदलं होतं. अळीच्या दिवसांत झाडन् झाड हलवून अळ्या पाडल्या होत्या, डाव्या हाताचं मनगट आठ दिवस सुजलेलं होतं. खरं अगदी तोंडाशी आलं. तेवढ्यात रस्त्यानं मोटरसायकल गेली, कोणाची ते झाडीतून दिसलं नाई.

"हो," म्हटलं, "त्याहीचीच हाय." अन् वरून आणखी अकलेचे तारे तोडले, "लय मेहनत हाय बिचाऱ्याची."

माघात तूर कापली अन् वावरातच खळं केलं. मी डोक्याले फडकं बांधून बडग्यानं पेंड्या झोडत होती, बुढा तुराट्या रचत होता. भुशानं नाक भरलेलं, मान खाजवून खाजवून लाल. गाडीनं नाई, त्या दिवशी मॅडम पायीच आली, म्हणून आमाले कळलं नाई. लपवासारखं काईच राह्यलं नव्हतं.

"तुम्ही इथं?"

"मजुरीनं आलो," मी म्हटलं.

तिनं माह्या हाताकडे पाह्यलं, बैलांकडे पाह्यलं, मंग माह्या तोंडाकडे. "काकू, नक्की ना? मी सगळ्यांना वेगवेगळ्या वेळी तीनदा विचारते. तिन्ही वेळा उत्तर सारखं आलं की आम्ही ते पक्कं धरतो."

मागून बुढा खाकरला. 

"पक्कं धरा," मी म्हटलं.

वैशाखात पंचायतीच्या नळावर पाण्याचा गुंड घेऊन गेली तं भिंतीवर मोठा नकाशा लागला होता अन् बाजूले यादी. मले सातवीपर्यंतचं वाचता येते. वर लिहलं होतं, झुडपी जमीन, सध्याचा वापर. खाली रकाने. तुकड्याचा नंबर, क्षेत्र, पीक, कसणाऱ्याचे नाव. अन् शेवटी बारीक अक्षरात, की यादीत ज्याचं नाव हाय त्याले ती जमीन कायम कराची शिफारस जाईन, बाकी सारं रान गवतासाठी अन् झाडासाठी बंद होईन. ग्रामसभा येत्या सोमवारी.

अठरा नंबर, चार एकर, कापूस, वासुदेवराव. एकोणीस नंबर, तीन एकर, तूर, वासुदेवराव.

मी बोट ठेवून वाचलं. मंग बोट काढून वाचलं. नकाशात पाह्यलं तं अठरा अन् एकोणीस एकाच रंगाचे, मधात आमचा धुराच नाई. छातीइतका उंच धुरा, तीन माणसांच्या कमरा गेल्या त्याच्यात, अन् कागदावर तिथं रेघही नव्हती. मांगून शेजारची जयवंता ओरडली, "कांता, तुहा गुंड भरून वाहून राह्यला." मले ऐकू आलं, पण हात उचलला नाई. माह्या पायावरून पाणी गेलं, चपलेत गेलं, अन् मी तशीच उभी. हे कोण्या दुष्मनानं केलं नव्हतं. मीच सांगतलं होतं, तीनदा, अन् शेवटी पक्कं धरा म्हटलं होतं.

गुंड तिथंच टाकून शाळेत गेली. मॅडम कागद लावत बसली होती. मी एका दमात सारं सांगतलं, जू, नाका, पास, वासुदेवरावाचं नाव. तिनं कपाटातून तीन कागद काढले अन् माह्यापुढं ठेवले. तिन्हीवर माहं नाव, तारीख, अन् माहंच बोलणं. मेहनत आहे बिचाऱ्याची, हेही तिनं लिहलं होतं.

"काकू, मी तीनदा विचारलं हो," ती म्हणे. "ही यादी गरीब कसणाऱ्यांची नावं लागावीत म्हणूनच केली. तुम्ही माझ्यापासून का लपवलं?"

"तू गाडीनं आलती, माय," मी म्हटलं.

तिनं ते तिन्ही कागद गोळा केले. मंग म्हणे, "यादी आता माझ्या एकटीच्या हातात नाही. सोमवारी ग्रामसभेत आक्षेप घ्या. कसणारा स्वतः उभा राहून बोलला आणि सभेनं मानलं, तर मी तिथल्या तिथं नाव बदलते. पण नत्थूकाकांनी बोलायला पाहिजे."

बुढा घरी बैलाच्या खांद्याले हळद-तेल लावत होता. मी यादीचं सांगतलं तं त्याचा हात थांबला, अन् किती वेळ तो त्या बैलाच्या खांद्यावरच राह्यला. मंग तो उठला, दुपट्टा घेतला अन् म्हणे, "मालकाकडे जाऊ. त्याहीले माहीत नसन."

वासुदेवराव ओसरीत बाजेवर लवंडले होते. आमाले पाहून उठून बसले, पाणी द्याले लावलं. माणूस वाईट बोलत नाई, हेच तं त्यांचं हाय.

"पाह्यलं मी," ते म्हणे. "मलेबी नवल वाटलं. पण कांता, मॅडमले तूच सांगतलं न? मले विचारलं तं मी म्हटलं, शेजारची बाई सांगून राह्यली तं तसंच असन. आता मी तुले खोटी पाडू का?"

"तुमी आमाले ओळखता, मालक," मी म्हटलं. "आमचा धुरा ओळखता."

"ओळखतो न. म्हणूनच म्हणतो, घाबरू नका. कागद माह्या नावानं राहू द्या, वावर नत्थूच वाहीन. काय फरक पडते? उलट गार्डची कटकट कायमची गेली."

"जी," बुढा म्हणे. अन् त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं दिसलं. रस्त्यानं मी म्हटलं, "अवो पौर्णिमाचे बाबा, आज ते वाहू देते. उद्या त्याहीचा पोरगा म्हणन, निघा, तं कोणता कागद दाखवान?"

"वासुदेवराव तसे नाई."

"पण कागद तसा हाय न."

चार दिवस मी त्याच्या मांगं लागली. बैल पाण्यावर नेताना, कुटार भरताना, जेवताना. तुमाले एकच वाक्य बोलाचं हाय, की हे वावर मी वाहतो. रविवारी दुपारी भाकर मोडता मोडता तो म्हणे, "बरं. बोलतो." अन् एकट्यानंच पुटपुटून पाह्यलं, हे वावर मी वाहतो. मी त्याचा पांढरा सदरा धुऊन वाळत घातला.

सोमवारी समाजमंदिरात सभा भरली. बाया एकीकडे, माणसं एकीकडे, समोर टेबल. सरपंच प्रभाकरराव, ग्रामसेवक, मॅडम, अन् बाजूच्या खुर्चीत गार्ड. तोच. केसं पांढरे झाले होते, पण खाकी तीच. बुढ्यानं दारातून त्याले पाह्यलं अन् तो बसला ते एकदम मांगच्या रांगेत, सतरंजीच्या कोपऱ्यावर.

मॅडम एकेक नंबर वाचे अन् प्रभाकरराव विचारत, कोणाचा आक्षेप? एकोणीस नंबर आला. मी उठली.

"माहा हाय," म्हटलं. "हे वावर वासुदेवरावाचं नाई. आमचं हाय. मी मॅडमले खोटं सांगतलं. तीनदा सांगतलं. गार्डच्या भेवानं सांगतलं."

वासुदेवराव बसल्या जागेवरूनच शांतपणे म्हणे, "तवा खोटं बोलली म्हणते, तं आता खरं बोलून राह्यली हे कोण सांगन? मी काई म्हणत नाई. नत्थू बसला हाय, त्यालेच विचारा."

"हो," प्रभाकरराव म्हणे. "नत्थू, उभा राह्य. वावर कोण वाहते?"

बुढा उठला. धुतलेला सदरा, हात जोडलेले. मॅडमनं पेन उचललं होतं, तिची नजर त्याच्यावर. गार्ड खुर्चीत थोडा पुढं सरकला, बस, तेवढंच. बुढ्याची मान खाली गेली. उजवा खांदा मी पाहता पाहता खाली वाकला, वजन ठेवल्यासारखा.

"मालकाचं हाय, साहेब," तो म्हणे. "आमी मजुरीनं जातो."

एकतीस वर्षं मी या माणसासंग दगड उचलले, अन् सगळ्या गावापुढं त्यानं मले खोटी पाडलं. मले राग यावा तं रागही येईना. जयवंता माह्या लुगड्याले धरून खाली ओढत होती, बस वं, बस. बाजूच्या रांगेत आमच्या पुऱ्यातले आणखी तीन जण होते, तेही झुडपीतलं लपवून वाहणारे. ते आपापल्या पायाच्या बोटांकडे पाहत होते.

मी गार्डकडे वळली.

"साहेब," म्हटलं, "मी सरकारी जमीन वाहते. वखर माहा, बैल माहे. माह्यावर केस करा. दंड लावा, अन् माह्या नावाची पावती द्या."

कोणीतरी मांगं हासलं. मॅडम उभी राह्यली. गार्ड माह्याकडे पाहत राह्यला, अन् खरं सांगते, तो चिडला नाई. त्याले काई समजलंच नाई असा चेहरा झाला.

"कशाचा दंड लावू बाई?" तो म्हणे. "यादीत नाव त्यांचं. तुहा नवरा म्हणते जमीन त्यांची. तुहं तिथं हाय काय?"

मॅडम म्हणे, "सर, पण या स्वतः सांगताहेत..." प्रभाकररावांनी तिले हातानंच थांबवलं. "मॅडम, तुमचाच नियम हाय न, कसणाऱ्यानं बोलाचं. कसणारा बोलला. एकोणीस नंबर कायम. वीस घ्या." तिनं पेन कागदावर टेकवलं, पण वीस नंबर वाचला नाई, तं ग्रामसेवकानं कागद आपल्याकडे ओढला अन् तोच वाचाले लागला.

मी उभीच होती. बुढ्यानं माह्याकडे पाह्यलं. मंग माणसांची रांग सोडून तो बायांच्या बाजूले आला, खाली वाकला, अन् माह्या पायापाशी सतरंजीवर जी धूळ होती ती आपल्या हातानं पुसली. दोनदा पुसली. "बस," तो हळूच म्हणे, "थकली असशीन." त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं अन् ते त्याले कळत नव्हतं.

मी बसली नाई. बाहेर आली तं ऊन तसंच होतं. टेकाडाकडे पाह्यलं नाई, घराकडे गेली, अन् बैल सकाळपासून तहानलेले होते म्हणून त्याहीले आधी पाणी पाजलं.